आजोबांची कवळी

आमच्या भवानीचं टॉन्सिलचं ऑपरेशन साथीपायी दोनदा पुढे गेलं. वय वर्षं सहा, पण घोरणं असं की शेजारी भिंतीवर थापा मारायचे. शेजारी गेले खड्ड्यात. घोरता घोरता तिचा श्वासच मध्ये थांबायचा, त्याची मला धास्ती. तिला हलवायला मी रात्र रात्र उशाशी बसून असायची.

साथ ओसरली, मुलांचा वॉर्ड पुन्हा उघडला आणि पहिला मान आमचा. ताप नाही, सर्दी नाही, तपासणी झालेली. सोबत एकच माणूस, म्हणून नवरा खाली फाटकाशी येरझाऱ्या घालत होता. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "रडून नाक चोंदलं तर आज भूल नाही. मग पुढची तारीख." कार्टीचे डोळे आधीच डबडबलेले.

तेवढ्यात सिस्टरबाई आल्या. साथभर त्यांनी म्हाताऱ्यांचीच उस्तवार केलेली. सवयीने त्या भवानीच्या कानाशी वाकून ओरडल्या, "आजोबा, कवळी असेल तर काढून ठेवा!"

आणि त्यांनी जीभ चावली. भवानी मात्र अशी खिदळली की पुढचा दात तोंडात झुलताना दिसला.

डॉक्टरीणबाईंचं हसू पळालं. "हा भुलीत निसटून श्वासनलिकेत गेला म्हणजे? आधी काढायला हवा."

या दाताचा पोरीने आम्हाला पत्ताही लागू दिला नव्हता. आता दात काढायचा म्हणजे ती वॉर्ड डोक्यावर घेणार. मी मनातल्या मनात सिस्टरबाईंना शिव्यांची लाखोली वाहिली. खरं तर त्यांच्यामुळेच दात सापडला होता, पण रागाला एवढी अक्कल कुठली!

"कवळी काढताना आजोबांना दुखतं?" भवानीने विचारलं.

"छे! स्वतःच काढतात आणि माझ्या हातावर ठेवतात."

भवानीने पाठीला पोक काढलं आणि ती दोनदा खोटं खोटं खोकली. सगळे चटकन मागे सरले. मग तोंडात दोन बोटं घालून तिने दात उपटला आणि सिस्टरबाईंच्या तळहातावर ठेवला.

"घ्या. हरवू नका हं!"

हिरडीवर कापूस दाबून तिला आत नेलं.

दुपारी ती बाहेर आली. खाटेवर झोपलेली, आवाज कसला तो नाही. मी तिला हलवायला धावले, तर सिस्टरबाईंनी माझा हात धरून तिच्या छातीवर ठेवला.

"ताई, मुलं अशीच झोपतात."

छाती वर येत होती, खाली जात होती. मी खूप रडले. मग तिथेच खुर्चीत टेकले आणि कितीतरी महिन्यांनी गाढ झोपले.