भिंतीपासून राइस मिलपर्यंत

“आधी हे वाच, मंग तुया इंग्रजीचं पाहू,” म्हणत बाबांनी कागद माझ्या पुस्तकावरच ठेवला.

मोबाईलवर सतरा मिनिटं झाली होती. उतारा समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या कसल्याशा प्राण्यांवर होता आणि मी अजून तिसऱ्याच परिच्छेदात होते. मी घड्याळ थांबवलं. कागद वनखात्याचा होता. मी मोठ्यानं वाचला. सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की, गावाच्या पूर्वेस नाल्यालगत वाघिणीचा वावर आढळून आला असून पहाटे व सायंकाळी एकट्याने बाहेर पडू नये, शेतात गटाने जावे व आवाज करीत जावे.

“आणखी एक डाव.”

मी पुन्हा वाचला. बाबा डोळे मिटून ऐकत होते. दोनदा ऐकलं की कागद त्यांच्या डोक्यात जाऊन बसायचा. दहा मिनिटांनी पारावरून त्यांचा आवाज आला.

“आयका होऽऽ! नाल्याकडं वाघीण फिरून राह्यली होऽऽ! एकट्यादुकट्यानं जाऊ नोका होऽऽ! जासान त बोंबलत जाजा होऽऽ!”

माझे वडील, सोमाजी रामटेके, आमच्या गावचे कोतवाल होते. गाव ब्रह्मपुरीपासून जीपनं पाऊण तासावर. बाबा चौथी शिकलेले. अक्षरं येत होती, पण सरकारी मराठीत त्यांचा पाय अडकायचा. मी दुसरीत असल्यापासून तहसीलचे कागद मीच त्यांना वाचून दाखवत आले. लसीकरण, मतदारयादी, पीकपाहणी. एकेक शब्द सुटा, स्वच्छ, त्यांच्या कानात उतरेल अशा बेतानं. मी दहावीत असताना आई गेली, त्या आठवड्यातही एक कागद वाचल्याचं मला आठवतं.

याच वाचनानं मला परीक्षेत मागं ओढलं. मी नर्स आहे. ब्रह्मपुरीच्या एका खासगी दवाखान्यात आठ वर्षं काम केलं. बाहेरदेशी जायचं तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते आणि तिच्या वाचनाच्या भागात नवापैकी सात गुण लागतात. तीन उतारे, चाळीस प्रश्न, साठ मिनिटं. पहिल्या खेपेला मला सहा मिळाले. तिसऱ्या उताऱ्यापर्यंत मी पोहोचलेच नव्हते. ऑनलाइन शिकवणाऱ्या मॅडमनी मला कॅमेऱ्यासमोर वाचायला लावलं. थोडा वेळ बघून त्या म्हणाल्या, “तुम्ही डोळ्यांनी वाचत नाही. कोणाला तरी ऐकवत असल्यासारखं वाचता. ओठ बंद असले तरी आत आवाज चालू आहे.” त्यांनी उपाय सांगितला. रोज ठरलेल्या वेळी, पूर्ण शांततेत, साठ मिनिटं. मध्ये उठायचं नाही, काहीही झालं तरी.

दुसरी तारीख बावीस नोव्हेंबर मिळाली, नागपूरला. मी बत्तीस वर्षांची होते. या खेपेला नाही जमलं तर पुस्तकं बांधून ठेवायची, असं मी ठरवलं होतं. बाबांनी असं काहीही ठरवलेलं नव्हतं. त्यांच्या लेखी मी बाहेरदेशी गेलेलीच होते.

दवाखान्याला जायला साडेसातची जीप, त्याआधी स्वयंपाक. म्हणून पहाटे साडेपाच ते साडेसहा ही माझी वेळ.

नेमकी तीच बाबांच्या फेरीची वेळ. दसऱ्यानंतर वाघिणीनं नाल्यात एक कालवड मारली, मग पलीकडच्या गावचा एक गुराखी. धान कापणीला आलं होतं, बायांना पहाटे घराबाहेर पडणं भाग होतं. बाबांनी तेलाचा रिकामा डबा घेतला, बैल हाकायच्या तुतारीची जुनी काठी घेतली आणि पहाटे गावाच्या कडेकडेनं डबा बडवत फिरायला सुरुवात केली. हे काम त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. पारापासून निघायचं, आमच्या घरामागून राइस मिलकडं, तिथून शाळेवरून परत पारावर. आमचं घर पूर्वेकडचं शेवटचं. मागच्या भिंतीपासून मिलपर्यंत एक बोळ होती. तिच्या एका अंगाला भिंती आणि दुसऱ्या अंगाला छातीइतकं उभं धान.

“बाबा, तुमचा डबा मांगून गेला का मी वापस ओळीच्या सुरवातीले जाते,” एकदा जेवताना मी म्हणाले.

“काऊन?”

“काऊन म्हंजे? तो वाजते अन् माहे शब्द त्याच्या ठोक्यावर चालतेत. मंग काईच समजत नाई.”

बाबांनी घास खाली ठेवला. “रोज?”

“रोजच वाजते त रोजच.”

यापेक्षा जास्त मी काही बोलले नाही. बंद करा, असं म्हणाले नाही. हे मी पुष्कळदा मनाशी घोळवलं आहे.

दुसऱ्या दिवशी डबा वाजत आला, आमच्या भिंतीपाशी थांबला आणि पाच मिनिटांनी एकदम मिलपाशी सुरू झाला. त्याच्या पुढच्या दिवशीही तसंच. गावाभोवतीच्या आवाजाला आमच्या मागं एक भोक पडलं. माझी मात्र सोय झाली. मिलपाशी डबा पुन्हा वाजला की वीस मिनिटं झाली असं समजायचं आणि दुसरा उतारा उघडायचा. मी मोबाईल पालथा घालून ठेवायला लागले.

मिलवाला इसरू मोठा टवाळ. एका सकाळी नळावर सगळ्यांदेखत त्यानं विचारलं, “का गा कोतवाल, आमच्यापाशी बदाबदा अन् घरामांगं मुकाट? वाघिणीले सांगून ठेवलं का पोरीचा पेपर हाय म्हनून?”

“सांगतलं न,” बाबा म्हणाले. “ते म्हने, बावीस तारखेलोक दम धरतो. मंग पयले इसरूले खातो.”

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. शेजारच्या सुगंधाकाकू तेवढ्या हसल्या नाहीत. “असं नाव घेऊन मस्करी करू नोका गा. ते आयकते.”

“आयकते त आयकू दे. तिलेई समजन, पोरगी शिकून राह्यली.”

एकदा मागच्या खिडकीतून मी त्यांना पाहिलं. बाबा उंच, धिप्पाड. डबा त्यांनी छातीशी धरला होता, तो वाजू नये म्हणून त्यावर तळहात पालथा ठेवला होता आणि काठी काखेत दाबली होती. झोपलेलं लेकरू एका घरातून दुसऱ्या घरात न्यावं तसे ते चालले होते. धानाकडं त्यांची पाठ नव्हती, पण नजरही नव्हती. ती खाली, वाळलेल्या पाचोळ्यावर होती. पाय कुठं टाकला तर आवाज होणार नाही, ते बघत होते. मला हाक मारता आली असती. वेळ चालू होता. मी उताऱ्याकडं वळले.

सरावात चाळीसपैकी माझे गुण वाढत गेले. सत्तावीस, एकोणतीस, एकतीस.

दिवाळीनंतर बोळीतली कुत्री तिथं झोपेनाशी झाली. वनरक्षकानं पळसाच्या झाडाला कॅमेरा बांधला, त्यात दोन रात्री नुसतं धुकं आलं. सुगंधाकाकू म्हणाल्या, “त्या बोळीत वास येऊन राह्यला, कोतवाल.” बाबा म्हणाले, “डुकरं असन.” मग एक दिवस आमच्या मागच्या दारात, सांडपाण्याच्या ओलीवर, ठसा दिसला. बाबांनी तो मला दाखवला नाही. त्यावर टोपली पालथी घातली आणि वनरक्षकाला बोलावलं. टोपली का पालथी आहे, हे मी संध्याकाळी विचारलं.

“काई नाई. तू वाच.”

नऊ नोव्हेंबरला धुकं होतं. पहिला उतारा काच कशी बनवायला लागले यावर होता. पारावरून डबा निघाला, जवळ आला, भिंतीपाशी थांबला. मी वाचत होते. पहिला उतारा संपला, मी दुसरा उघडला. त्याचे दोन परिच्छेद झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की मिलपाशी डबा वाजलेला नाही.

हे मला कळलं. कळलं नाही असं मला म्हणता येत नाही. वाटलं, इसरूनं गप्पांत धरलं असेल. त्याच्या मागोमाग दुसरं वाटलं, बरं झालं, आज काहीच आवाज नाही. मी पुढं वाचत गेले. बाहेर इतकी शांतता होती की आतला आवाजही बंद पडला. ओळी सरळ डोळ्यांतून आत जात होत्या. मॅडम म्हणत होत्या ते हेच असावं. तिसरा उतारा संपवून चार मिनिटं उरली. उत्तरं तपासली, चाळीसपैकी छत्तीस. मी ते बाबांना सांगायला मागचं दार उघडलं.

बोळीत कोणी नव्हतं. वीस-पंचवीस पावलांवर धान आडवं झालं होतं, ओढत नेल्यासारखं, आत खोलवर. त्याच्या तोंडाशी डबा उभा होता, कोणी जपून ठेवावा तसा.

शोधायला माणसं आली, फटाके फुटले, वनखात्याची गाडी आली. बाबा नाल्याच्या अलीकडंच सापडले. मी नर्स आहे, मी पुढं झाले. मला कोणी अडवलं नाही. काठी अजून काखेत होती. शवविच्छेदनाच्या कागदावर मानेची जखम आणि तात्काळ मृत्यू लिहिलेला आहे. परीक्षेचा कुठलाही उतारा मी त्या कागदाइतक्या वेळा वाचलेला नाही.

दुपारी पंचनामा झाला. वनरक्षक नवा होता, बिचारा घाबरला होता. त्यानं विचारलं, “डबा वाजत होता का? खबरदारी घेतली होती का, ते लिहावं लागतं.”

मी तोंड उघडलं. पोलीस पाटील गुणवंतराव माझ्या आधी म्हणाले, “वाजत होता न. रोजच वाजते.”

“मीनं आयकला,” सुगंधाकाकू म्हणाल्या.

“मीबी. मिलपावतर,” इसरू म्हणाला. त्याला मान वर करता येत नव्हती.

वनरक्षकानं लिहिलं, मयत हे नित्याप्रमाणे डबा वाजवीत जात असताना. खाली माझी सही घेण्यापूर्वी त्यानं कागद मला वाचायला दिला. तो मी एका नजरेत वाचला, ओठ न हलवता. सरकारी कागद मी असा पहिल्यांदाच वाचत होते. सही केली.

परीक्षेचं सांगून टाकते, म्हणजे कोणी त्याची वाट बघत राहणार नाही. बावीसला मी नागपूरला गेले, परीक्षा दिली, वाचनात साडेसात मिळाले. वाघीण पुढं पिंजऱ्यात सापडली. ती तीच का दुसरी, यावर गावात अजून एकमत नाही.

पण त्याआधी, बाबांना जाऊन सहा दिवस झाले होते. मी भिंतीला टेकून बसले होते, समोर पुस्तक नव्हतं. साडेपाचला पारावर डबा वाजला. मला वाटलं भास आहे. मग त्यात थाळ्यांचे आवाज मिसळले, परातीचा आवाज मिसळला. गावातल्या बायांनी फेरी सुरू केली होती. आवाज वाढत वाढत आमच्या भिंतीपाशी आला आणि थांबला.

नुसती पावलं ऐकू यायला लागली. सात-आठ जणींची. कोणी तरी बांगड्या वर सारून दाबून धरल्याचं कळलं. भिंतीपलीकडून त्या श्वास धरून चालल्या होत्या. ज्या जागी सहा दिवसांपूर्वी माणूस गेला, त्या जागी, माझ्या अभ्यासासाठी.

मी मागचं दार उघडलं. धुक्यात सुगंधाकाकू सगळ्यांच्या पुढं होत्या, परात पोटाशी धरलेली.

“वाजवा न काकू. काऊन थांबल्या?”

“तुया पेपर हाय न बाई बावीसले.” त्या कुजबुजल्या. “तू जा आत. आमी जातो असंच.”

“त्या दिवशीबी डबा वाजत नोता.” मला वाटलं होतं त्यापेक्षा माझा आवाज मोठा निघाला. “मिलपाशी वाजला नाई, ते मले समजलं होतं. मी उठली नाई, काकू. मी पेपर पुरा केला.”

धानातून थेंब गळत होते, तेवढाच आवाज. एकीनं दुसरीचा हात धरला. सुगंधाकाकू माझ्याकडं बघत राहिल्या.

“आमालेबी समजलं होतं, माय,” त्या शेवटी म्हणाल्या. “मी चुलीपाशी होती. मिलपाशी वाजला नाई, त मी म्हटलं, आज कोतवाल तिथूनबी मुकाट गेला. लेकीचा पेपर जवळ आला म्हनून. मले हसू आलं. चुलीत लाकूड सारलं अन् मीबी उठली नाई.”

मागच्या एकीनं मान हलवली. तिलाही समजलं असणार, किंवा ती नुसती काकूंना साथ देत असणार.

“चप्पल घाल,” काकू म्हणाल्या. “पाचोळ्यात काटे हायेत.”

मी चपला घालेपर्यंत त्या सगळ्या थांबल्या. मग काकूंनी परातीवर पळी मारली आणि इतर जणींनी वाजवायला सुरुवात केली. एकीनं तिची थाळी माझ्या हातात दिली. मी धानाच्या बाजूला उभी होते. सुगंधाकाकूंनी माझ्या दंडाला धरून मला भिंतीकडं सारलं आणि स्वतः धानाच्या कडेनं चालायला लागल्या.