बासष्ट जणांचं रक्त

शिवलीला हिरेमठ दोन वर्षं कोल्हापुरातल्या एका प्रयोगशाळेत संधिवाताच्या रुग्णांच्या रक्तावर काम करत होती. औषध सुरू व्हायच्या आधी आणि नंतर रक्तातल्या एका जातीच्या रोगप्रतिकारक पेशी किती असतात, हे तिला मोजायचं होतं. त्या पेशींच्या अंगावर एक ठरावीक खूण असते. त्या खुणेलाच चिकटणारी, रंग लावलेली अँटिबॉडी रक्तात घालायची आणि चमकणाऱ्या पेशी यंत्रावर मोजायच्या.

बासष्ट रुग्णांत कागलच्या धोंडुबाई पहिल्या. बोटं वाकडी झालेली, पण हात पुढं करताना त्यांनी कधी कुरकुर केली नाही. त्यांच्या मुलीची, क्रांतीचीही बोटं सकाळी सुजू लागली होती. औषधानं तुमच्या त्या पेशी निम्म्यावर आल्यात, यातून पुढं आजार लवकर ओळखता येईल, असं शिवलीलानंच त्यांना हौसेनं सांगितलं होतं.

श्रावणात अँटिबॉडी संपत आली. ती जिवंत पेशींच्या वाणातून काढलेली, आणि असा वाण वाढवता वाढवता बदलत जातो. बनवणाऱ्या कंपनीनं ती बंद करून नवी, रिकॉम्बिनंट अँटिबॉडी पाठवली. ठरलेल्या जनुकावरून बनवलेली, त्यामुळं प्रत्येक कुपी सारखी. शिवलीलानं दोन्ही ताडून पाहिल्या. एकाच रक्तात जुनीनं शंभरातल्या एकोणीस पेशी दाखवल्या, नवीनं तीन. मग तिनं ती खूण मुळातच नसलेल्या पेशी घेतल्या. नवीनं काहीच दाखवलं नाही. जुनी तिथंही चिकटली, म्हणजे दोन वर्षांचे सगळे आकडे चुकीचे होते.

तिचे मार्गदर्शक डॉ. धनपाल मगदूम यांनी आलेख पाहिले. ही तपासणी पहिल्याच महिन्यात व्हायला हवी होती, चूक माझी, असं म्हणून त्यांनी छपाईला गेलेला शोधनिबंध मागं घेतला. रक्त ताजंच वापरलेलं, साठवलेलं काहीच नव्हतं.

शनिवारी ती कागलला गेली आणि धोंडुबाईंसमोर बसून सगळं सांगितलं. ऐकून त्यांनी बाही वर सारली.

"मग परत घे की."

"औषधाच्या आधीचं पायजे हुतं मावशी. ते आता कुठनं आणू?"

धोंडुबाईंनी दाराकडं बघितलं. तिथं क्रांती ओली बोटं पदराला पुसत उभी होती.

"क्रांतीला अजून औषध लावलं न्हाय," त्या हळूच म्हणाल्या. "तिचं घे. लांबवतो आम्ही औषध, तुझं हुईस्तवर."

एकटीच्या रक्तानं काही ठरणार नव्हतं, आणि प्रकल्पाची मुदतही संपत आली होती.

"थांबू नका," ती म्हणाली. "सोमवारीच डॉक्टरांकडं न्या तिला."

सोमवारी क्रांतीचं औषध सुरू झालं. त्या दिवशी शिवलीला जयसिंगपूरच्या एसटीत होती, यादीतल्या दुसऱ्या रुग्णाला तेच सांगायला.