उघाडीची फळी

बंदराच्या अजस्र क्रेन जेथून मान उंचावलेल्या उंटांप्रमाणे दिसतात, अशा उरणच्या खाडीकाठी काळूरामचे मिठागर आहे. बांधाला कान लावण्याची विद्या त्यास आजोबांकडून प्राप्त झाली होती. खेकड्याने आतून बीळ कोरले की बाहेर ओल दिसण्यापूर्वीच मातीच्या पोटात एक बारीक, अखंड खळखळ सुरू होते. मग माणसे म्हणतात, बांध बोलू लागला. बोलणारा बांध वेळीच बुजविला नाही, तर दोन उधाणांत खांड पडून बांध फुटतो आणि सारे आगर समुद्राच्या स्वाधीन होते.

गेल्या मार्गशीर्षात त्याची कन्या कल्पिता कंटेनर यार्डाच्या कचेरीतून परतली आणि घराच्या तीनच पायऱ्या चढून धापा टाकीत खाली बसली. काळूरामने तिच्या लहानपणी लावी तसा तिच्या पाठीस कान लावला. आत ठोका होता, परंतु दोन ठोक्यांमध्ये जी शांतता असावयास हवी ती नव्हती. तेथे पाणी वाहत होते. तो आवाज त्यास परका नव्हता.

मुंबईच्या रुग्णालयात डॉक्टर निवेदिता यांनी कागदावर हृदय काढून दाखविले. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या, महारोहिणीच्या, मुळाशी जन्मजात दुबळा असा एक फुगवटा होता. तो फुटला असून प्रत्येक ठोक्यास रक्त मागच्या मागे उजव्या कप्प्यात शिरत आहे, असेच चालल्यास काही महिन्यांत हृदय थकून जाईल, असे त्यांनी सांगितले. व्याधी दुर्मीळ होती. पूर्वी अशा रोग्याची छाती उघडावी लागे. आता मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन तारेच्या जाळीची छोटी छत्री त्या भोकात बसविता येते, आणि कल्पिताचे भोक त्याजोगे होते. कल्पिता हसून म्हणाली, की चला, पावसाळ्याची एक खरेदी वाचली. तिची आई आवडाबाई मात्र पदराचे टोक चावीत राहिली.

शुक्रवारी दुपारी बारा वाजता हे काम ठरले. काळूरामने मनातल्या मनात तिथी मोजली. शुक्रवारी अमावास्या होती, आणि अमावास्येच्या दुपारी उधाण ऐन भरात असते.

आजोबांचा नेम असा होता, की पाणी चढत असता भोक बुजवावयाचे नाही; कोंडलेले पाणी बांधाची दुसरी दुबळी जागा शोधते. निरुपाय झालाच, तर आधी उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाणदाराची, फळी उचलून पाण्यास वाट द्यावयाची. आदल्या सायंकाळी काळूराम डॉक्टरांच्या दाराशी टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"बाई, येक वेल बदला. सुकती लागू द्या, पानी उतरू द्या. चार वाजता करा."

डॉक्टर हसल्या नाहीत. "काका, रक्ताला समुद्राची वेळ ठाऊक नसते. उद्या बारा वाजता सगळी माणसं तिच्यासाठी उभी असतील. तुम्ही फक्त तिच्याजवळ थांबा."

परंतु तो थांबला नाही. पत्नीस व विपुल या मुलास तेथे ठेवून, कोणास काही न सांगता, तो पहाटेच्या लाँचने मोऱ्याच्या धक्क्यावर उतरला आणि थेट बांधावर आला.

मीठ पिकले होते. चार दिवसांत ओढून गोळा करावयाचे, अशी पांढरी शुभ्र साय साऱ्या आगरावर धरली होती. वारा पडला होता. उघाडीच्या बाहेर समुद्र फळीच्या माथ्यापर्यंत चढून, कोणी हाक मारील म्हणून थांबावे, तसा थांबला होता. बगळेसुद्धा बांध सोडून गेले होते.

बारा वाजून गेल्यावर विपुलचा फोन आला. "बाबा, ती छत्री बसत न्हाय. दोनदा सरकली. परत नलीत ओढून घेतली, असा नर्स सांगून गेली. तुमी हाव कुठं?"

 फोन कानाशी तसाच धरून काळूरामने दुसऱ्या हाताने फळीची कडी पकडली आणि पाय रोवून फळी वर ओढली.

समुद्र आत शिरला. वर्षाचे मीठ पाहता पाहता करडे झाले, विरघळले, नाहीसे झाले. काळूराम त्याकडे पाहत नव्हता. तो ऐकत होता. उघाडीतून येणाऱ्या पाण्यास ठोका होता. कल्पिताच्या पाठीत ऐकलेली तीच अखंड खळखळ, तिच्यामध्ये तीच धपधप, आता त्याच्या पायांखालून आगरात चालली होती.

"बाबा," विपुल फोनमध्ये रडत होता, "बसली. आवाज बंद झाला बोलतात."

तिसऱ्या दिवशी कल्पिता घरी आली. मांडीवर टिकलीएवढी खूण, छातीवर काही नाही. पायऱ्या ती न थांबता चढली. काळूरामने फळी मात्र खाली टाकली नाही. भरती आली की पाणी बोलत आत येई आणि बोलत बाहेर जाई. आगराचा चिखल झाला. शेजारच्या आगराचा दत्तात्रेय म्हणे, की याने खाडीच घरजावई करून ठेवली. काळूराम ऐकून घेई. फळी पडली तर ते कोंडलेले पाणी पुन्हा मुलीच्या छातीत वाट शोधील, या भयाने तो रोज फळीची कडी तपासून येई. घरात हे त्याने केवळ आवडाबाईस सांगितले होते, आणि दोन महिन्यांनी तिने ते मुलीस सांगितले.

त्याच दुपारी, भरती चढत असता, कल्पिता बांधावर आली.

"बाबा, तुमी माझ्यासाठी आगर बुडवलाव. आता मीच लावतंय फली."

"हात नको लावू."

"मंग कान लावा," असे म्हणून तिने त्याच्याकडे पाठ केली, आणि तो पुढे सरसावण्याआधीच वाकून फळी खाचेत सोडून दिली.

पाणी थांबले. काळूरामने डोळे मिटून तिच्या पाठीस कान टेकला. एक ठोका. शांतता. एक ठोका. शांतता. स्वच्छ, कोरडी, बुजलेल्या बांधासारखी शांतता.  फळी खाचेत नीट बसली की नाही हे पाहावयास तो वाकला आणि त्याचा तळहात ओल्या फळीवर टेकला.

फळी धडधडत होती.

बाहेर समुद्र अगदी स्तब्ध होता, लाट नव्हती. "काय वो, पटला ना आता?" कल्पिता खिदळली आणि आईस सांगावयास बांधावरून धावत सुटली. तिची पावले जसजशी वेगाने पडू लागली, तसतशी त्याच्या हाताखालची फळीही वेगाने धडधडू लागली.

काळूरामने हात काढला नाही; आता या फळीतून थेंबही झिरपून चालणार नव्हते. दुसऱ्या हाताने त्याने मूठभर चिखल उचलला आणि फळीच्या फटी काळजीपूर्वक, एकेक करून, लिंपावयास घेतल्या.