होळीपर्यंतचा दर

थंडीच्या दिवसांत सकाळी खटकन आवाज होतो, सगळ्या घरांतले दिवे एकदम जातात आणि मोरीतून अंगाला साबण लावलेला एखादा माणूस ओरडतो, "अरे, फ्यूज कोणी उडवला?" आपल्यापैकी ज्यांनी हा अनुभव घेतला नसेल ते भाग्यवान. डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या अंगाला असलेल्या गावदेवी चाळीत तो रोजचाच होता.

चाळीत दहा बिऱ्हाडं. वीज यायची ती मालकाच्या नावावरच्या एकाच मोठ्या मीटरवरून. पुढे प्रत्येक घराला आपलं छोटं मीटर होतं, पण मूळ तार तेवढीच बारीक. रॉकेल रेशनवर येईल तेवढंच, गॅसचा नंबर बहुतेकांचा लागलेला नाही. त्यामुळे हिवाळा आला की घरोघरी बादलीत पाणी तापवायचा रॉड सोडला जायचा, आणि तोही सगळ्यांचा एकाच वेळी. मार्गशीर्षातल्या गुरुवारी तर बायका पूजेसाठी डोक्यावरून अंघोळ करायच्या, तेव्हा फ्यूज जाणार हे ठरलेलंच. फ्यूज गेला की पंप बंद, पंप बंद की टाकी रिकामी. मग विजेवरून सुरू झालेलं भांडण पाण्यावर जायचं आणि तिथून एकमेकांच्या आईवडिलांवर.

१९९४च्या हिवाळ्यात मालकाने निरोप धाडला, "आपसात काहीतरी ठरवा, नाहीतर मी रॉडच बंद करीन." म्हणून रविवारी सगळे अंगणात जमले.

बैठकीत समोरासमोर, पण एकमेकांकडे न बघता, दोन माणसं बसली होती. एक भिवाजी तांडेल. मासळीचा धंदा, आवाज मोठा. चाळीच्या फ्यूजबॉक्सची देखरेख त्याच्याकडे. दुसरा महिपत साळुंखे, ठाण्याच्या एका कंपनीत कारकून. दोघांचं बोलणं वर्षभर बंद होतं.

त्याचं कारण असं. आदल्या हिवाळ्यात महिपतच्या बहिणीला, सरोजला, पाहुणे बघायला आले होते. पोह्यांच्या बश्या हातात असतानाच भिवाजी दारात येऊन गरजला, "साळुंखे, जिन्यातल्या दिव्याच्या तारेवर तुमचा रॉड चालतो! ही वीजचोरी झाली, वीजचोरी!" आणि त्याने खाली जाऊन त्या घराचा फ्यूज काढला. पाहुण्यांनी अंधारात चहा संपवला आणि ते गेले. त्यांच्याकडून पुढे काही कळलंच नाही. ती तार आधीच्या भाडेकरूने जोडलेली होती, महिपतला त्याचा पत्ताही नव्हता. वायरमनने तसं सांगितल्यावर भिवाजी एवढंच म्हणाला, "बरं, असू दे."

सरोजचं लग्न पुढे नाशिकला झालं, चांगलं झालं. पण 'असू दे' हे दोन शब्द महिपतच्या छातीत काट्यासारखे राहिले. जेवताना, फाइली लावताना, देवापुढे हात जोडतानासुद्धा तो मनाशी एकच म्हणायचा : माझीही वेळ येईल.

त्या रविवारी ती आली.

"एसटीडीच्या दुकानासमोर रात्रीच रांग का लागते?" महिपतने सगळ्यांना विचारलं.

"दर उतरतो म्हणून," शेजारच्या बिऱ्हाडातला बाळ परब म्हणाला. "आमची ही माहेरी फोन करायला दर उतरायची वाट बघते आणि मग उतरलेल्या दरात चढ्या दराएवढं बोलते!"

सगळे हसले. महिपत हसला नाही. "तसंच विजेचं करू. सकाळी सहा ते नऊ ही गर्दीची वेळ. ज्याला त्या वेळात रॉड लावायचाय, त्याने सकाळचा दर घ्यावा. त्याला दीडपट बिल. जो त्या वेळात रॉड लावणार नाही, त्याला पाऊणपट. ज्याला जे सोयीचं, ते त्याने निवडावं."

माना डोलल्या. खरं सांगायचं तर योजना उत्तमच होती. जिथे पुरेसं नाही तिथे सगळ्यांनी एकदम हात घालू नये, हा विचार शहाणपणाचाच. पण महिपतचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

"मात्र एकदा निवडलं की होळीपर्यंत बदल नाही. कोणासाठीही नाही. आणि जो मोडेल त्याची वीज तिथल्या तिथे तोडायची. सगळ्यांदेखत."

"ठीक हाय!" भिवाजी मांडीवर थाप मारत म्हणाला. "आमचं घर पहाटे चारलाच उठतं. बाजाराला मावरं उतरतं तेव्हा तुम्ही लोक घोरत असता. आपण पाऊणपटवाले!" आणि त्याने सर्वांत आधी हात वर केला.

महिपतला मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या. भिवाजीच्या ध्यानात जे आलं नव्हतं ते त्याला ठाऊक होतं. भिवाजीची लेक रतन पहिल्या बाळंतपणासाठी चेंदणी कोळीवाड्यातल्या सासरहून माहेरी यायची होती. बाळबाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालणाऱ्या गोदूबाई ऊन वर आल्याशिवाय कोणाच्या घरी पाऊल ठेवत नाहीत, हेही त्याला ठाऊक होतं. म्हणजे आठाच्या पुढे. पहाटे चारला तापवलेलं पाणी आठपर्यंत गार होणार. भिवाजी नियम मोडणार. आणि मग आपण खाली जाऊन त्याचा फ्यूज काढणार, तोच शब्द त्याच आवाजात ओरडणार! महिपतने स्वतः सकाळचा दर घेतला. लोक म्हणाले, साळुंख्यांनी आपल्याच नियमाचा भार उचलला.

रतनला मुलगी झाली. घरात आनंद झाला आणि चौथ्या-पाचव्या दिवशी रॉकेल संपलं. भिवाजीची बायको सगुणा पदर सावरत महिपतच्या दाराशी आली.

"भावजी, एक विनंती होती. महिनाभर, फक्त बाळंतिणीपुरता आमचा दर बदलून द्या. जास्तीचं बिल आम्ही भरू. हे काय यायचे नाहीत विचारायला, तुम्हाला त्यांचा स्वभाव माहीत आहे."

"वहिनी, नियम मी एकट्याने केलेला नाही," महिपत शांतपणे म्हणाला. "आणि पहिला हात कोणी वर केला होता?"

सगुणा आली तशी परत गेली. आतून शालन, महिपतची बायको, हे सगळं ऐकत होती. तिने मध्ये तोंड घातलं नाही. महिपतला ते बरं वाटलं. ते गप्प राहणं वेगळं होतं, हे त्याला उमगलं नाही.

पुढच्या गुरुवारी महिपतने चक्क रजा टाकली. वाचकहो, सुडाची चटक अशी असते. ज्या माणसाने बहिणीच्या लग्नातसुद्धा रजा मोजून घेतली, त्याने शेजाऱ्याला पकडण्यासाठी एक दिवस खर्च केला! आठ वाजता तो जिन्याखाली मीटरांच्या फळीपुढे जाऊन उभा राहिला. विजेचं मोठं उपकरण चालू झालं की मीटरमधली चकती भरभर फिरू लागते. भिवाजीची चकती आता फिरेल, मग फिरेल म्हणून तो टक लावून बघत होता. वरून लहानग्या मुलीचं रडणं ऐकू येत होतं. तेलाचा, ओव्याच्या धुरीचा वास जिन्यात उतरला होता. म्हणजे गोदूबाई आल्या होत्या.

भिवाजीची चकती मुंगीच्या पावलाने चालली होती. पण शेजारची एक चकती मात्र सुसाट सुटली होती. महिपतने डोळे चोळून पुन्हा पाहिलं. ते त्याचं स्वतःचं मीटर होतं!

त्याची अंघोळ केव्हाच झाली होती, शालनचीही. मग? एका क्षणात त्याच्या डोक्यात सगळं जुळलं. आपल्या तारेवर भिवाजीने आकडा टाकलाय! नशिबाने किती सुंदर फेड केली!

"या! सगळे खाली या!" तो गॅलऱ्यांकडे तोंड करून ओरडला. "चोर पकडला! ज्याने मला वीजचोर म्हटलं, तोच आज माझ्या मीटरवर पाणी तापवतोय! वीजचोर! वीजचोर!"

दारं उघडली. कोणी दाताला मशेरी लावत, कोणी ओल्या केसांना पंचा गुंडाळून बाहेर आलं. महिपत सगळ्यांना घेऊन जिना चढला आणि त्याने भिवाजीच्या दारावर थापा मारल्या. सगुणाने दार उघडलं. भिवाजी नुकताच बाजारातून परतला होता. तोही मागे येऊन उभा राहिला.

"रॉड कुठे आहे?" महिपतने विचारलं.

सगुणाने भिंतीकडे बोट दाखवलं. रॉड खिळ्याला टांगलेला होता, कोरडा, वर बारीक धूळ बसलेली.

"मग पाणी कुठून येतंय?"

मोरीतून गोदूबाईंचा आवाज आला, "पाणी आणा गं बायांनो! भांडण मागाहून करा. पोरीच्या अंगावर तेल आहे, गारठेल ती!"

तेवढ्यात गर्दीच्या मागून कोणीतरी म्हणालं, "सरका, सरका, भाजेल." लोक बाजूला झाले. महिपतच्याच घरातून, दोन्ही हातांत फडकी धरून, वाफाळत्या पाण्याचा हंडा घेऊन शालन येत होती. नवऱ्यासमोर आल्यावर ती क्षणभर थांबली. "बाजूला होता का जरा?" ती म्हणाली आणि आत गेली.

कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळी गॅलरी हसली. "साळुंखे, चोर सापडला हो! तुमच्याच घरी मुक्कामाला आहे!" बाळ परब म्हणाला.

महिपत घरात जाऊन खाटेवर बसला. शालन परत येताच तो तिच्यावर उसळला.

"चारचौघांत माझी शोभा केलीस. कधीपासून चाललंय हे?"

"सगुणावहिनी विचारायला आल्या त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. सकाळचा दर आपणच घेतलाय ना? मग आपल्या दरात मी पाणी तापवते. कोणता नियम मोडला, सांगा."

"त्या माणसाने सरोजचं ठरत आलेलं लग्न मोडलं!"

"मोडलं. मीही रडले होते तेव्हा. पण सरोजताई आज तिच्या घरी सुखी आहे आणि तुम्ही अजून त्याच अंधारात चहा पिताय." शालनने पदराने कपाळ पुसलं. "मला सांगा, त्या दिवशी भिवाजीभाऊंनी काय केलं? चौकशी न करता फ्यूज काढला. रागात केलं, क्षणात केलं. तुम्ही मात्र रतन येणार हे ठाऊक असताना, वर्षभर विचार करून केलंत. आणि कोणाला धरलंत? जी आपल्या सरोजएवढीच आहे तिला. जिला अजून नावसुद्धा ठेवलेलं नाही तिला!"

"पण नियम चांगला आहे. फ्यूज जात नाही आता."

"आहेच चांगला. म्हणून तर वाईट वाटतं. वाईट नियम कोणी केला असता तर लोकांनी तो फेकून दिला असता. तुम्ही चांगल्या नियमाच्या पोटात सुरी लपवलीत. उद्या लोकांना ही सुरी दिसली, की ते सुरीबरोबर नियमही टाकून देतील. मग बसा पुन्हा साबण लावून अंधारात!"

महिपतला सुडाची गोडी आठवायची होती, पण जिभेवर काहीच येईना. वर्षभर त्याने ज्या आवाजाची तालीम केली होती तो आवाज आज त्याने ऐकला होता, आणि तो हुबेहूब भिवाजीचा होता!

तो उठला आणि बाहेर गेला. लोक अजून गॅलरीत होते.

"एक सांगायचंय," तो म्हणाला. "होळीपर्यंत बदल नाही, हे कलम मी फ्यूजसाठी घातलं नव्हतं. रतन येणार आहे हे मला माहीत होतं. भिवाजीला अडकवायला घातलं होतं."

हसू थांबलं. भिवाजी दोन पावलं पुढे आला. त्याचे डोळे लाल झाले होते. "माझ्या नातीच्या अंघोळीवर टपून बसलेलास? तू? तुला मी शिकलेला माणूस समजत होतो!" त्याने महिपतची गचांडी धरली. महिपतने हात वर केला नाही.

"सोड त्याला, भिवा." भिवाजीची म्हातारी आई आवडाबाई उंबऱ्यावर बसली होती. "त्यानं आज चार माणसांत सांगितलं तरी. तू गेल्या साली काय सांगितलंस? असू दे? लोकांच्या पोरीचं लगीन आणि तुजं असू दे?"

भिवाजीची मूठ सैल झाली. तो मान खाली घालून उभा राहिला. मोठ्या आवाजाचा तो माणूस पहिल्यांदाच हळू बोलला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "साळुंखे, तुम्ही चोर नव्हता. मला दुसऱ्याच दिवशी कळलेलं. बोलायची लाज वाटली. आज सगळ्यांसमोर बोलतो. मी चुकलो."

त्या दोघांची त्या दिवशी गळाभेट झाली वगैरे म्हणणं खोटं ठरेल. इतक्या दिवसांची कडवट चव एका सकाळी जात नाही. पण संध्याकाळी पुन्हा बैठक भरली. दोन दर कायम राहिले, होळीची अट गेली. ज्या घरात बाळंतीण, आजारी किंवा अगदी म्हातारं माणूस असेल त्या घराने हव्या त्या वेळी, पाऊणपट दरातच पाणी तापवावं आणि त्या वेळी शेजारच्या दोन घरांनी आपला रॉड बंद ठेवावा, असं ठरलं. रॉड बंद ठेवणाऱ्यांत पहिली दोन नावं कोणाची, असा प्रश्न आला तेव्हा महिपतने हात वर केला. दुसरं नाव बाळ परबचं होतं.

मित्रहो, आपण समाजात राहतो म्हणून नियम करतो. गर्दीच्या वेळेला चढा दर असावा, वाट पाहणाऱ्याला सवलत असावी, हे न्यायाचंच आहे. पण नियम करणाऱ्याने हात वर करण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा : हा नियम मी सगळ्यांची सोय व्हावी म्हणून करतो आहे, की कोणा एकाची अडचण व्हावी म्हणून? उत्तर दुसरं असेल तर त्याने तोंड मिटून खाली बसावं. आणि ज्याच्या हातून अन्याय झाला आहे, त्याने 'असू दे' म्हणून पुढे जाऊ नये. ज्या आवाजात आरोप केला, निदान तेवढ्या मोठ्या आवाजात आपली चूक कबूल करावी. ही दोन पथ्यं पाळली तर आपल्या चाळी, आपल्या सोसायट्या आणि आपली शहरं आहे तेवढ्या विजेतही सुखाने नांदतील.