कांचनच्या अभ्यासाचा आलेख

कारखान्यात आठ तास मोजमाप करून प्रभाकरचं पोट भरत नव्हतं, म्हणून त्याने घरीही तेच मांडलं होतं, असं लीलावतीबाईंचं म्हणणं. असेल मुलगा तपासणी विभागात साहेब. पण म्हणून पिपलानीतल्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये, जेवायच्या खोलीत, पोरीच्या अभ्यासाचा आलेख टांगायचा? कांचन रोज किती तास बसली, त्याची लाल रेघ! पोर आठवीत. नववीपासून विषय निवडायचे असत; तिला गणित घ्यायचं होतं आणि वार्षिक परीक्षेत पन्नास गुण नसतील तर शाळा ते देत नव्हती.

रेघ चढत चढत कागदाच्या वरच्या कडेला टेकली आणि सहामाहीचा निकाल आला. गणितात एकवीस.

"एकवीस येऊच शकत नाहीत," प्रभाकर म्हणाला. "रोजचे चार तास आहेत माझ्याकडे. पेपर तपासण्यातच चूक आहे." आलेखाची गुंडाळी काखेत मारून तो स्कूटरवर बसला आणि शाळेत गेलासुद्धा.

लीलावतीबाईंनी कपाळावर हात मारला. मग नातीला समोर बसवलं.

"चार-चार तास काय करत होतीस गं?"

"सोडवलेली गणितं उतरवून काढत होते, आजी. बाबा तास बघतात. समजलं का, ते कुणी विचारतच नाही."

"कुणी म्हणजे? तू विचारलंस स्वतःला?"

कांचन मुसमुसू लागली.

"गणित कुणाला हवंय? तुला की बापाला?"

"मला."

"मग मुसमुसतेस कशाला? अडलंय ते विचारून ये जा."

क्वार्टरांच्या मागच्या ओळीत राहणारी मंदाकिनी कॉलेजात गणित शिकत होती. कांचन तिच्याकडे गेली, तासाभराने परतली आणि स्वयंपाकघरात फरशीवरच बसून आजीला एक गणित समजावू लागली. लीलावतीबाईंची शाळा दुसरीत सुटलेली. त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण मध्येच पोर थबकली. "थांब आजी, इथे चुकलं माझं," म्हणत तिने खोडलं आणि पुन्हा सुरुवात केली. लीलावतीबाईंनी मेथी निवडायची थांबवली.

तेवढ्यात प्रभाकर तोंड पाडून आला. "गणिताच्या बाई म्हणतात, हा तापाचा तक्ता आहे का?" मग त्याचं लक्ष लेकीकडे गेलं आणि खिशातली पेन्सिल बाहेर आली. "किती वाजता बसलीस? या एका गणिताला किती मिनिटं लागली?"

कांचनचा हात थांबला. ती घड्याळाकडे बघू लागली.

"प्रभाकर, ठेव ती पेन्सिल!" लीलावतीबाई कडाडल्या. "पोर पास होईल की नापास, ते मला ठाऊक नाही आणि तुलाही नाही. पण आज तिची चूक तिने स्वतः धरली, मी बघितलं. तुला एवढीच हौस असेल ना, तर उद्या आठवीत नाव घाल अन् बस बाकावर. नाहीतर तिचं तिला करू दे."