मंगळवारचं पान

मी एक वही बोलतेय. काळ्या जाड पुठ्ठ्याची, दोऱ्याने शिवलेली, आखीव पानांची. आता सैल झालेय, पण नवी होते तेव्हा हाताने दाबून धरल्याशिवाय उघडी राहायची नाही, इतकी घट्ट होते.

मला विकत आणलं ते मॅडमनी. त्या संगणक प्रकल्पांच्या सल्लागार. एखाद्या संस्थेला नवी संगणक प्रणाली बसवायची असली की कोणी काय करायचं, कधीपर्यंत करायचं, घोडं कुठे अडलंय, हे सगळं त्या बघायच्या. त्यांच्या हाताखालची माणसं सगळं लॅपटॉपवर टिपून ठेवायची. मॅडम मात्र पेनाने लिहायच्या. "टाइप केलेलं कुणीही बदलतं," म्हणायच्या. "शाईचं खोडलं तरी दिसतं." ते ऐकून माझी छाती फुगायची. वहीला कुठली आलीय छाती म्हणा.

माझ्या प्रत्येक पानावर तीन रकाने असत: काय ठरलं, कोण करणार, कधी. मीटिंगमध्ये कुणी "बघतो, करतो" म्हणालं की मॅडम पेन वर धरून थांबायच्या. तारीख मिळेपर्यंत पेन खाली यायचं नाही. लोक वैतागायचे. पण तारीख चुकली म्हणून मॅडमनी कुणाला फैलावर घेतलेलं मी पाहिलं नाही. त्यांना चीड होती ती लपवाछपवीची. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायच्या, "वाईट बातमी मला लवकर सांगा. सांगणाऱ्याच्या पाठीशी मी उभी राहीन."

घरीही त्या तशाच. त्यांचे बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. नजर अधू झाल्यावर दुकान बंद करून लेकीकडे राहायला आले होते. डोळ्यांच्या तपासणीचे कागद आले त्या संध्याकाळी मॅडम खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या.

"बाबा, डावा डोळा गेला. तो परत येणार नाही. उजवा वाचवता येईल, पण औषध एकदाही चुकवायचं नाही."

बाबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "दुसरं कुणी असतं तर आठवडाभर नुसतं गोल गोल फिरवलं असतं मला. बरं झालं सांगितलंस."

त्यांच्या औषधांच्या वेळा मॅडमनी माझ्या शेवटच्या पानावर लिहिल्या. आपण बऱ्या हातात पडलो, असं मला त्या दिवशी पक्कं वाटलं.

पुढचं काम एका मोठ्या रुग्णालयाचं आलं. तिथे कुठल्या पेशंटला कोणतं औषध द्यायचं हे कागदाऐवजी आता संगणकावर दिसणार होतं. मॅडमच्या टीममध्ये एक मुलगी होती. प्रणाली सुरू होण्याआधी तिच्यातल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम. सगळे तिला 'खुसपट' म्हणायचे. तिला त्या नावाचा रागही यायचा नाही. "मला पगार खुसपटं काढायचाच मिळतो," म्हणायची.

सोमवारी उद्घाटन होतं. त्याआधीच्या मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, ती मॅडमच्या टेबलापाशी आली. बसलीसुद्धा नाही.

"मॅडम, एक घोळ सापडलाय. पेशंटला एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात हलवलं की जुनं औषध यादीतून जात नाही. नवंही दिसतं आणि जुनंही. नर्स दोन्ही देऊन मोकळी होईल."

"दर वेळी होतं?"

"नाही. विसात एकदा. का होतं ते अजून कळलं नाहीये. मला दहा दिवस लागतील."

मॅडमनी सगळं लिहून घेतलं. तिला वाचून दाखवलं. म्हणाल्या, "आता हे माझ्याकडे आलं. तू निश्चिंत राहा."

दुपारी त्या मला घेऊन आपल्या कंपनीच्या संचालकांकडे गेल्या. मी त्याच पानावर उघडी, त्यांच्या मांडीवर. त्या बोलायला लागणार तेवढ्यात संचालक म्हणाले, "पाहुणे ठरलेत, आता तारीख हलणार नाही. किरकोळ काही असेल तर मागाहून बघू. आणि हो, रुग्णालयाची पुढची कामंही तुम्हीच सांभाळावीत, असं आमच्या मनात आहे."

मॅडमनी मला मिटलं. समोर आलेल्या फॉर्मवर 'काही अडचण?' असा प्रश्न होता. त्याच्यापुढे त्यांनी 'नाही' लिहिलं आणि सही केली.

सुरू झाल्याच्या नवव्या दिवशी एका निवृत्त बस कंडक्टरांना दुसऱ्या वॉर्डात हलवलं आणि रक्त पातळ करण्याचं औषध दुहेरी गेलं. मेंदूत रक्तस्राव झाला. जीव वाचला, पण वाचा गेली. मॅडम रुग्णालयात गेल्या तेव्हा कंडक्टरांची बायको नर्सला सांगत होती, "दिवसभर बडबडायचे हो. मीच म्हणायचे, जरा गप्प बसा."

मॅडम तिच्याशी न बोलताच परत फिरल्या.

मग चौकशी लागली. तिच्या आदल्या दिवशी, सगळे जेवायला गेलेले असताना, मॅडमनी केबिनचं दार लावलं आणि मंगळवारचं पान काढलं. दोनदा वाचलं. शिवणीपाशी बोटं घालून हळूहळू ओढून काढलं. शिवलेल्या वहीचं एक पान गेलं की त्याचं जोडपान सुटतं. तेही काढून घेतलं. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. वाटलं, चौकशीवाल्यांना द्यायला नेतायत. मॅडमनी दोन्ही पानांची घडी केली आणि कोपऱ्यातल्या, कागदाच्या चिंध्या करणाऱ्या यंत्रात घातली.

दुसऱ्या दिवशी लांब टेबलामागे तिघे जण बसले होते. खुसपट शांत होती. "मी मंगळवारीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "मॅडमनी लिहून घेतलंय. त्यांची वही बघा."

मॅडमनी मला पुढे केलं. तिघांतल्या मधल्या साहेबांनी पानं उलटली. सोमवार, मग एकदम बुधवार.

"मंगळवारची नोंदच नाही इथे."

"मला कुणी काही सांगितल्याचं आठवत नाही," मॅडम म्हणाल्या. "सांगितलं असतं तर मी लिहिलंच असतं. माझी सवय सगळ्यांना माहीत आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या इतक्या दिवसांच्या खरेपणावर त्यांचं एक खोटं खपून गेलं.

"तुम्ही लेखी का दिलं नाहीत?" साहेबांनी खुसपटला विचारलं.

"मॅडम लिहितात ना, म्हणून," ती म्हणाली. त्या वेळी तिने मॅडमकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. आठवड्याभरात तिला कामावरून काढलं.

त्यानंतर एकदा बाबांनी औषधाची वेळ बघायला मला हातात घेतलं. घड्याळजीची बोटं ती, शिवणीवर थांबली.

"अगं, यातलं पान गेलंय का?"

"जुनी झालीय वही, बाबा."

"जुनी होऊन नाही गेलेलं. ओढलंय कुणीतरी."

"पाणी आणते. गोळीची वेळ झाली."

बाबांनी गोळी घेतली. मला मिटून टेबलावर ठेवलं.

काल मॅडमनी औषधांच्या वेळा दुसऱ्या वहीत उतरवल्या आणि मला ऑफिसात, नष्ट करायच्या कागदांच्या खोक्यात टाकलं. उद्या ते खोकं जाईल. फाडल्याचं मला दुःख नाही, कागद कधीतरी फाटायचाच. पण माझ्या तोंडून खोटी साक्ष वदवून घेतली, ते मात्र सलतं.

खुसपट, तू कुठे असशील कोण जाणे. मीही तुझ्यासारखीच त्यांच्या शब्दावर विसंबले होते गं. तू उभ्याने सांगितलंस, त्यांनी बसून लिहिलं. मला कुणी विचारलं नाही, म्हणून एवढं सांगायचं राहिलं होतं.