पहिलं पथ्य

भागीरथीबाईने कमलला औषधाची पुडी दिलीच नाही. पुडी तिच्याच मांडीवर तशीच.

"आंबट खाधं व्हई तू."

"नही खाधं, मावशी."

"वांगं?"

"नही."

"मंग फरक कसा नही पडना?"

तेच विचारायला तर कमल तणतणत आली होती. लिंबायतच्या यंत्रमाग वस्तीतल्या त्या गल्लीत बायका अंगावरून पांढरं जाण्याच्या या दुखण्याला धुपणी म्हणत, तेही कुजबुजत, आणि औषधाला भागीरथीबाईकडे येत. प्यायला लोधाचा काढा, धुवायला बाभळीच्या सालीचं पाणी. कमलची पुडी नेहमी तिची सासू न्यायची, पुष्पाबाई. पथ्यही तीच सांगायची.

लोणचं नाही.

गेल्या वर्षी प्लेगला भिऊन अख्खी गल्ली गावाकडे पळाली, तेव्हाही सासूने आधी सालीची पिशवी उचलली.

दही नाही. चिंच नाही.

आग मात्र थांबली नाही. चार दिवस बरं, की परत तेच.

"आन गजेंद्र?" भागीरथीबाईने तिच्या नवऱ्याचं विचारलं.

"त्यास्नं काय?"

"तो जोडे येस का?"

कमलने मान खाली घातली. येतो. लूमवरून सुटला की जवळ येतो. पडद्यापलीकडे सासू खोकत पडलेली असते.

"पुष्पीले मी सांगेल व्हतं. बरं व्हये तवर पोऱ्याले दूर ठेव, हाई पयलं पथ्य. आन नहीच उतरनं तर दोन्हीस्ले दवाखानामा धाड. हाऊ एकलीना रोग नही."

पहिलं पथ्य.

सासूने दुसऱ्यापासून सांगायला सुरुवात केली होती.

कमल घरी आली ती रिकाम्या हाताने. गजेंद्र लूमवरच्या पाळीला जायच्या आधी जेवत होता. स्टोव्हवर मागच्या पुडीतला उरलेला काढा.

"गरम शे तवर पी ले," सासू म्हणाली.

कमलने पातेलं उचललं आणि मोरीत पालथं केलं.

"येडी झायी का व?"

"पयलं पथ्य कोनं व्हतं, आत्याबाई?"

सासू पदराने स्टोव्ह पुसू लागली. पुसलेलाच स्टोव्ह.

"सकाय दवाखानामा चला," कमल नवऱ्याला म्हणाली. "दोन्हीजण."

"माले काय व्हयनं? मी काय बाई शे?"

ती त्याच्या ताटाशी वाकली. कैरीच्या लोणच्याची फोड उचलून तिने तोंडात टाकली. दात आंबले. डोळ्यांत पाणी आलं, तरी चघळत राहिली.

तशीच उठून तिने पडद्याची दोरी सोडली, पडदा घडी करून ठेवला आणि आपली गोधडी सासूच्या गोधडीला लावून अंथरली. सासूने तिला जागा करत आपली उशी थोडी सरकवली.